बार, पल्ला आणि नेम : हाताने भरलेल्या गोळीच्या परीक्षेचा इतिहास



एखाद्याचा बेत फसला की त्याचा ‘बार फुसका गेला’ असे आपण म्हणतो. काम आवाक्यात आले की ‘टप्प्यात आले’, दूरचा विचार केला की ‘लांबचा पल्ला’, आणि बोलणे वर्मी लागले की ‘नेम बरोबर बसला’. हे सगळे शब्द बंदुकीचे आहेत. ‘काडतूस’ पोर्तुगीजांकडून आला, ‘बंदूक’ अरबीतून आला, पण बार भरणे, गज मारणे, नेम धरणे हे आपल्या बोलण्यात रुजलेले शब्द. जी बंदूक हाताने भरायची, दारू मापायची, गोळी ठासायची, तीच आपल्या बोलण्यात उरली आहे. कारखान्यात भरून आलेल्या काडतुसाने मराठीला एकही म्हण दिलेली माझ्या ऐकिवात नाही.

आजचा विषय या हाताने भरलेल्या बाराच्या परीक्षेचा आहे. बार किती दूर जातो, किती खरा जातो, हे कोणी तपासले, कसे तपासले, आणि तपासताना काय विचारायचे राहून गेले? प्रश्न तांत्रिक वाटेल. परंतु आपल्या बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, धारवाड या टापूत १८५७-५८ साली जे घडले त्याचा एक धागा थेट या परीक्षेपर्यंत जातो. म्हणून थोडी वाट वाकडी करून तिथपर्यंत जाऊ.

आधी बाराची गोष्ट. ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू ओतायची, वर गोळी सोडायची, गजाने ठासायची, आणि कानाशी रंजक किंवा टोपी लावून बार काढायचा. दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. तिचा दाणा किती मोठा, ती किती सुकलेली, माप किती भरले, गोळी नळीत किती घट्ट बसली, गज किती जोराने मारला, या प्रत्येक गोष्टीवर गोळीचा वेग ठरतो. दोन बार सारखे भरणे ही हाताची कसोटी असते.

ती जवळून दिसत नाही. समजा, एका बारात दारू कमी पडली आणि गोळीचा वेग विसात एकाने उतरला. शंभर यार्डांवर त्यामुळे गोळी इंच-सव्वा इंच खाली लागेल; ते कोणाच्या ध्यानातही येणार नाही. पण गोळीची घसरण अंतराबरोबर सरळ वाढत नाही, वर्गाने वाढते. अंतर सहापट केले की तोच दोष निदान तीन फुटांचा होतो. छातीवर धरलेला नेम पायाशी जातो. म्हणून बाराची खरी परीक्षा एका अंतरावर होत नाही. जवळच्या निशाणावर सगळेच बार शहाणे वाटतात. पन्नास, शंभर, दोनशे, चारशे असे निशाण मागे मागे नेत गेले, प्रत्येक ठिकाणी बरेच बार काढले, आणि भोकांचा पुंजका कुठे व किती फाकला हे मोजले, तरच दारूत खोट आहे की गोळीत, की नेम धरणाऱ्याच्या खांद्यात, हे उलगडू लागते. भोके उभी पसरली तर संशय बहुधा दारूच्या मापावर. आडवी पसरली तर वाऱ्यावर किंवा हातावर.

आपल्या मुलखात बंदुका आल्या आणि फार लवकर चांगल्या होऊ लागल्या. गोवा घेतल्यावर आल्बुकर्कने तिथल्या कारागिरांच्या बंदुका पाहून त्या बोहेमियातल्या बंदुकांच्या तोडीच्या आहेत, असे आपल्या राजाला कळवले होते. कर्नाटकातले बंदुकी प्यादे, विशेषतः बेरड, नेमासाठी दख्खनभर प्रसिद्ध होते. औरंगजेबाने १७०५ मध्ये स्वतः वेढा घातला ते वाकिणखेडे याच बेरडांचे. म्हणजे हात होता, नळी होती, नेमही होता.

दारूची निगाही होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याचे बावडा आपल्यापासून दूर नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या त्यांच्या आज्ञापत्रात दारूखान्याबद्दल जे सांगितले आहे ते आजच्या कोठाराच्या अधिकाऱ्यानेही मान हलवून वाचावे असे आहे. दारूखाना राहत्या घरांपासून लांब असावा, भोवती दाट झाडांचे कुंपण असावे, दारू जमिनीला न टेकता माचावर ठेवावी, ओल धरू देऊ नये, आणि आठपंधरा दिवसांनी हवालदाराने समक्ष बाहेर काढून, ऊन देऊन, पुन्हा मोहोर करून ठेवावी. ओल लागलेल्या दारूने बार फुसका जातो हे अमात्यांना पक्के ठाऊक होते. ही निगा आहे. मात्र निगा आणि परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी. उन्हात सुकवलेली दारू मागच्या महिन्यातल्या दारूइतकाच जोर देते का, हे ठरवायला तिचे बार मोजून काढावे लागतात आणि ते लिहून ठेवावे लागतात.

ही उणीव धारवाडच्या वेढ्यात दिसली. १७९० च्या शरदात परशुरामभाऊ पटवर्धनांनी टिपूच्या ताब्यातल्या धारवाडला वेढा घातला. मदतीला कॅप्टन लिटलची इंग्रज पलटण होती. किल्ला हाती यायला १७९१ चा एप्रिल उजाडला. पलटणीतल्या एडवर्ड मूर या तरुण अधिकाऱ्याने पुढे त्या मोहिमेवर पुस्तक लिहिले. मराठी मोर्चाचे त्याचे वर्णन प्रसिद्ध आहे : तोफ भरायची, मग सगळ्यांनी बसून अर्धा तास चिलीम ओढत गप्पा मारायच्या, मग बार काढायचा, समोर भरपूर धूळ उडाली की समाधान, पुन्हा तोफ भरायची आणि पुन्हा गप्पा. दुपारी दोन तास तर दोन्ही बाजूंनी जणू ठरवून विश्रांती.

मूर थट्टा करतो आहे, आणि त्याच्या थट्टेत परक्याचा तोरा आहेच. दारू पुण्याहून यायची, ती वेळेवर पोचत नसे. मोजकी दारू असलेला गोलंदाज सावकाश बार काढणारच. तो आळस नव्हे, काटकसर होती, असे मला वाटते. परंतु धूळ उडाली की समाधान, हा एक शेरा मात्र मनात रुतून बसतो. धूळ म्हणजे बार झाल्याचा पुरावा. गोळा भिंतीच्या कोणत्या दगडावर, किती हात वर वा खाली लागला, याची नोंद म्हणजे परीक्षा. ती कोणी ठेवत नव्हते.

युरोपातही ही गोष्ट फार जुनी नाही. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये तोफविद्येवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याने जड लाकडी लंबक टांगला, त्यावर बंदूक झाडली आणि लंबक किती मागे गेला यावरून गोळीचा वेग काढला. वेगवेगळ्या अंतरांवरून हेच केले तेव्हा त्याला कळले की हवेचा विरोध सगळ्यांच्या समजुतीपेक्षा प्रचंड आहे. बंदुकीच्या गोळीवर तो तिच्या वजनाच्या शंभरपटीहून अधिक भरतो. नळीत पेच पाडून गोळीला फिरकी दिली तर ती सरळ जाते, आणि जे राष्ट्र हे आधी उमजेल ते इतरांवर मात करील, असेही त्याने सांगून ठेवले. याच रॉबिन्सला ईस्ट इंडिया कंपनीने आपले किल्ले सुधारण्यासाठी हिंदुस्थानात पाठवले, आणि १७५१ च्या जुलैत कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात तो वारला. गोळीचा वेग मोजायला जगाला शिकवणारा माणूस याच भूमीत पडला आहे. आपल्या दरबारांपैकी कोणाला त्याची खबर लागल्याचे दिसत नाही.

खबर असूनही कंपनीच्या फौजा पुढे शंभर वर्षे गुळगुळीत नळीच्याच बंदुका वापरत राहिल्या. त्या किती खऱ्या होत्या? प्रशियात शंभर फूट लांब आणि सहा फूट उंच असा पडदा, म्हणजे जवळजवळ उभी पलटणच, लक्ष्य म्हणून उभारून चाचणी घेतली गेली. ७५ यार्डांवर शंभरात साठ गोळ्या पडद्याला लागल्या, १५० यार्डांवर चाळीस, आणि २२५ यार्डांवर पंचवीस. एकट्या माणसावर नेम धरण्याची बात दूरच. अशा काळात जवळून झाडलेली गावठी बंदूक आणि कंपनीची बंदूक यांत फार अंतर नव्हते. १८२४ च्या ऑक्टोबरात कित्तूरच्या वेशीवर कलेक्टर थॅकरे पडला, तो अमटूर बाळप्पाच्या गोळीने, असे तिथली परंपरा सांगते. १८४१ मध्ये निपाणीच्या गढीत अरब शिपाई शिरून बसले आणि बेळगावहून फौज आणावी लागली, तेव्हाही दोन्ही बाजूंच्या हाती साधारण एकाच ताकदीचे हत्यार होते.

हा तोल मोडला तो १८५३ च्या एन्फील्ड रायफलीने. नळीला तीन पेच, व्यास ०.५७७ इंच, गोळी ५३० ग्रेन वजनाची, आणि नेमाची पट्टी ९०० यार्डांपर्यंत. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हाइथ येथे नेमबाजीची शाळा निघाली. तिथे परीक्षेला शिस्त आली. निशाणावरच्या सगळ्या भोकांचा मध्य काढायचा, त्या मध्यापासून प्रत्येक भोकाचे अंतर मोजायचे आणि त्याची सरासरी लिहायची. सरासरी जितकी लहान तितका बार खरा. धूळ उडाल्याचे समाधान तिथे संपले.

पण पेचदार नळीला एक खोड असते. पेचांत दारूची काजळी बसते. काही बारांनंतर गोळी उतरेनाशी होते आणि नेम फाकतो. त्यावर उपाय म्हणून कागदी काडतुसाच्या गोळीकडच्या टोकाला चरबी आणि मेण यांचे वंगण लावले. शिपायाने काडतूस दाताने फाडायचे, दारू ओतायची, वंगण लावलेले टोक नळीत घालून ठासायचे. काडतूस दाताने फाडण्याची रीत नवी नव्हती. आपले शिपाई कित्येक वर्षे ते करत होते. नवे होते ते वंगण, आणि ते आले होते नेमासाठी.

या काडतुसाची हिंदुस्थानात परीक्षा झाली नव्हती असे नाही. १८५३ मध्येच वंगण लावलेली काडतुसे इथे पाठवली गेली. शिपायांच्या कमरपेट्यांत ती महिनोन्‌महिने बाळगायला दिली आणि इथल्या उन्हापावसात वंगण टिकते का, हे पाहिले. टिकले. म्हणजे हवामानाची परीक्षा काडतूस उत्तीर्ण झाले. त्याच वेळी बंगालच्या फौजेतल्या कर्नल हेन्री टकर या अधिकाऱ्याने वरिष्ठांना लेखी कळवले होते की वंगण शिपायांच्या जातिधर्माला बाधणारे नाही याची खात्री झाल्याखेरीज ही काडतुसे पलटणींना देऊ नयेत. कागद दप्तरात गेला. वंगण विरघळते का, या प्रश्नाला रकाना होता. ते कोणाच्या ओठांना लागणार, या प्रश्नाला रकानाच नव्हता.

पुढचे आपल्याला माहीत आहे. पण दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. ८ एप्रिल १८५७ रोजी बराकपूरला मंगल पांडे यांना फाशी दिली. त्याच एप्रिलमध्ये हाइथला एन्फील्ड आणि व्हिटवर्थ या दोन रायफलींची गाजलेली स्पर्धा झाली. ५०० यार्डांवर एन्फील्डच्या गोळ्या सरासरी २.२४ फुटांनी फाकल्या, व्हिटवर्थच्या अवघ्या ०.३७ फुटांनी. १४०० यार्डांवर एन्फील्डचे निशाणावर काहीच लागेना, व्हिटवर्थ अजून ४.६२ फुटांच्या सरासरीत होती. इंग्लंडमधली वर्तमानपत्रे या आकड्यांनी भारावली. फुटाच्या शतांशापर्यंत मोजणारे हेच लोक. त्यांना मोजता येत नव्हते असे कोण म्हणेल? त्यांनी जे विचारले त्याचे उत्तर अचूक मिळवले. विचारायचे एक राहिले, आणि त्याची किंमत दोन्ही बाजूंच्या हजारो माणसांनी दिली.

मुंबई फौजेतही एक असाच परीक्षावेडा होता, सिंधमधला जॉन जेकब. त्याने स्वतःची चार पेचांची दुनळी रायफल आणि तिच्यात बसणारी कंगोऱ्यांची गोळी बनवली, आणि जेकबाबादच्या वाळवंटात दोन हजार यार्डांपर्यंत निशाणे लावून ती तपासली. सरकारने ती स्वीकारली नाही. त्याच्याच नात्यातला कर्नल लेग्रँड जेकब १८५७ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे आला, तो मात्र बंदुका गोळा करायला. ३१ जुलैला कोल्हापूरची २७वी पलटण उठली होती. नवी रायफल तोवर बहुतेक हिंदी पलटणींच्या हाती पडलीही नव्हती. काडतुसाची बातमी बंदुकीच्या कितीतरी पुढे पोचली होती. अफवेच्या पल्ल्याला कोणती पट्टी लावणार? बेळगावातही जनरल लेस्टरला छावणी आणि किल्ला डोळ्यात तेल घालून सांभाळावा लागला. कोल्हापूरचे चिमासाहेब महाराज कराचीला नेऊन ठेवले गेले ते याच प्रकरणातून.

त्यानंतर आला निःशस्त्रीकरणाचा हुकूम. दक्षिण मराठा मुलखात तो जितक्या खोलवर झोंबला तितका क्वचितच कुठे झोंबला असेल. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी नोव्हेंबर १८५७ मध्ये हत्यारे द्यायला नकार दिला. फौज आली, गाव जळाले, फाशी झाल्या. वाकिणखेड्याच्या बंदुकींचेच हे जातभाई. त्यांच्या लेखी बंदूक आणि बार भरण्याची विद्या हीच ओळख आणि तेच वतन. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांनाही तोफा आणि दारूगोळा धारवाडला पाठवण्याचा हुकूम झाला होता. दत्तकाचे दुःख आधीचेच होते. २९ मे १८५८ रोजी सुरेबानला मॅन्सन मारला गेला, आणि १२ जूनला बेळगावात बाबासाहेबांना फाशी दिली. आपल्या गावाच्या इतिहासातला हा दिवस आपण पुरेसा आठवत नाही, असे माझे मत आहे.

गावाच्या हातातला बार असा गेला. शिपायाच्या हातात बंदूक राहिली, पण तिचा पल्ला गेला. ही हकिकत फार कमी लोकांना ठाऊक असते. उठाव मोडल्यावर हिंदी पलटणींसाठी १८५८ चा एक खास नमुना काढला गेला. बाहेरून हुबेहूब एन्फील्ड. नळी मात्र ०.६५६ इंच रुंद आणि आतून गुळगुळीत, पेचच नाहीत. नेमाची लांब पट्टीही काढून तिथे साधी खूण ठेवली. गोऱ्या शिपायाचा बार सहाशे-आठशे यार्डांवर खरा, शेजारच्या काळ्या शिपायाचा शंभराच्या पुढे रामभरोसे. हाइथच्या परीक्षेने अंतराची किंमत नेमकी किती ते दाखवून दिले होते. आता तेच अंतर मापून काढून घेतले. पुढे गोऱ्या पलटणींना मार्टिनी मिळाली तेव्हा आपल्यांना जुनी स्नायडर, आणि त्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा आपल्यांना मार्टिनी. एक पिढी मागे ठेवण्याचा हा नेम चाळीस वर्षे चुकला नाही.

१८७८ च्या शस्त्रकायद्याने बाकीचे पूर्ण केले. या कायद्यातून ज्यांना सूट मिळाली त्यांत कोडगूचे कोडव होते. म्हणून तिथे कैलपोढच्या सणाला झाडावरच्या नारळावर नेम धरण्याची स्पर्धा अजून गावोगाव होते. नारळ ठरलेल्या अंतरावर, बार मोजके, सगळे गाव साक्षीला : परीक्षाच ती. आपल्याकडे पिकराखणीच्या परवान्याची एखादी ठासणीची बंदूक वाड्यात उरली, दसऱ्याला तिला हळदकुंकू लागले, आणि माप किती भरायचे हे सांगणारी माणसे हळूहळू संपली. देव्हाऱ्याशेजारची बंदूक पाहून आपल्याला अभिमान वाटतो. मला आधी वाटतो तो विस्मय, की हिचे माप कोणालाच ठाऊक नाही.

बार भरण्याचे काम तोवर कारखान्यात गेले होते. स्नायडरबरोबर पितळी काडतूस आले. दारू, गोळी आणि टोपी एकाच कवचात. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला आणि मराठी मजुरांच्या हातून काडतुसे तयार होऊ लागली. बाराची परीक्षा आता ढिगाची झाली. एका वेळी भरलेल्या काडतुसांच्या ढिगाला क्रमांक द्यायचा, त्यातली मूठभर उचलून ठरलेल्या अंतरांवर झाडायची, आणि त्यांवरून सगळा ढीग पास किंवा नापास करायचा. १९२२ च्या पुनर्रचनेनंतर मराठा पलटणींचे शिक्षणकेंद्र बेळगावला आले. तिथला रंगरूट तीच कारखान्यात भरलेली काडतुसे घेऊन नेम शिकतो.

आणि आज? निपाणीहून तासाभराच्या अंतरावर कोल्हापूर. तिथल्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. या खेळात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. त्यातले ०.२२ चे काडतूस हाताने भरत नाहीत. त्याची बांधणीच तशी नसते. पण परीक्षा चुकलेली नाही. एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या काडतुसांतही एक ढीग एका नळीला मानवतो आणि दुसरा मानवत नाही. कारण मात्र नेमके सांगता येत नाही. म्हणून वरच्या दर्जाचे नेमबाज आपली नळी घेऊन कारखान्यात जातात. ती लोखंडी पकडीत आवळतात, म्हणजे खांद्याचा दोष गेला. मग एकेका ढिगातले दहा-दहा बार ५० मीटरवर काढून पुंजका मोजतात. काही ठिकाणी तीच गोळी १०० मीटरवरही मोजली जाते, कारण पन्नासावर लपलेली खोट शंभरावर उघडी पडते. ज्या ढिगाचा पुंजका सर्वांत घट्ट येतो त्याचा क्रमांक नेमबाज वहीत लिहून घेतो आणि त्याच क्रमांकाची पेटी, पुरेल तितकी, विकत घेऊन घरी आणतो.